बिबट्या उठतो, मग गाय का नाही?

गुरांचा दवाखाना : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात निम्मी पत्रं गुंगीची आणि भुलेची आहेत. पावसाच्या तोंडावर असं होतंच. जोताच्या बैलाचं शिंग, वाढलेली खुरं, अडलेली म्हैस, सगळं नेमकं पेरणीच्या आठवड्यात निघतं. म्हणून या वेळी गोचिडांची आणि मिनरल मिक्श्चरची पत्रं बाजूला ठेवली आहेत. त्यांनी रागावू नये.

प्रश्न : गेल्या महिन्यात आमच्या वाडीतल्या विहिरीत बिबट्या पडला. वनखात्याच्या माणसांनी त्याला वर काढलं, भूल दिली, पायाच्या जखमेला टाके घातले. मग दुसरं इंजेक्शन दिलं, तर दहा-बारा मिनिटांत पिंजऱ्यात उठून गुरगुरायला लागला. त्याच आठवड्यात आमच्या गाईचं मोडलेलं शिंग कापलं. गाय तीन तास पडून, तोंडातून लाळेची तार. डॉक्टर म्हणाले, "उठेल आपोआप." उठली, पण आमचा जीव टांगणीला. बिबट्याला जे मिळतं ते गाईला का नाही?
— एक पशुपालक, गुहागर तालुका

पत्र वाचून आधी हसलो, मग जरा ओशाळलो. "उठेल आपोआप" हे वाक्य नोकरीच्या तीस वर्षांत मी इतक्या खळ्यांवर उभं राहून म्हटलंय की त्याचा हिशेब नाही.

दोघांना दिलेलं औषध बहुधा एकच, झायलाझिन. १९६२ साली जर्मनीत बायर कंपनीत तयार झालं, तेही माणसाचा रक्तदाब उतरवण्यासाठी. जनावरांना त्यानं छान गुंगी येते हे नंतर कळलं आणि ते आमच्या पेटीत आलं. (आपल्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा फोन नंबरही १९६२च आहे. हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला सोपं.) बिबट्याला त्याच्या जोडीला केटामाइन देतात. झायलाझिनवर उतारा आहे, केटामाइनवर नाही. म्हणून वनखात्याचे डॉक्टर उतारा देण्याआधी घड्याळ बघत थांबतात. केटामाइनचा जोर ओसरायच्या आत झायलाझिन उतरवलं तर बिबट्या ताठरतो, झटके येतात. तुम्ही फक्त शेवटचं इंजेक्शन पाहिलंत, त्याआधीची वाट पाहणं तुमच्या नजरेतून सुटलं असेल.

उतारे तीन. योहिंबिन हा पश्चिम आफ्रिकेतल्या एका झाडाच्या सालीतून निघालेला. दुसरा टोलाझोलिन आणि तिसरा अटिपामेझोल. झायलाझिन मेंदूत ज्या जागी जाऊन बसतं तिथून हे त्याला उठवून लावतात. रानटी जनावर जंगलात अर्धवट गुंगीत सोडलं तर मरेल किंवा मारेल, म्हणून तिथे उतारा लागतोच. गाय आपल्या अंगणात, आपल्या माणसांत असते. शिवाय हे उतारे तालुक्याच्या मेडिकलच्या फळीवर मला कधी दिसले नाहीत. माझ्या पेटीत बहुतेक वर्षं एकही नव्हता.

पण पैसा आणि पुरवठा हे अर्धंच उत्तर. उरलेलं अर्धं मला एका बैलानं शिकवलं.

फोंडाघाटाच्या पायथ्याचं एक गाव. तांबडा बैल, डावं शिंग मुळातून हललेलं, आत अळ्या. वनखात्याशी संबंध असलेल्या एका मित्रानं योहिंबिनची एक बाटली दिली होती आणि ती कधी वापरतो असं मला झालं होतं. बैलाला गुंगी दिली, तो आडवा झाला, अगदी घोरायला लागला. आता याला कशाला आणखी सुया टोचा म्हणून शिंगाच्या मुळाशी बधिरतेचं इंजेक्शन दिलं नाही. तारेच्या करवतीनं शिंग कापलं, रक्त थांबवलं, डांबराचा बोळा ठेवून पट्टी बांधली आणि ऐटीत शिरेतून उतारा दिला. आठव्या मिनिटाला बैल उभा. मालक माझ्याकडे देवाकडे बघावं तसं बघतोय. नवव्या मिनिटाला बैलानं मान झटकली आणि ते कापलेलं बूड चिऱ्याच्या गडग्यावर आपटलं. पट्टी उडून माडावर, रक्त माझ्या चष्म्यावर. पुन्हा आपटलं, पुन्हा. चार माणसांना आवरेना. म्हातारा मालक शांतपणे म्हणाला, "डॉक्टरानू, निजलेलो तोच बरो होतो."

झायलाझिन नुसती झोप आणत नाही, दुखणंही मारतं. उतारा दिला की झोप जाते आणि तिच्याबरोबर ते दुखणं मारणंही जातं. दोन्ही एकाच दावणीला बांधलेली. मी बैलाला जागं केलं नाही, ताज्या जखमेच्या दुखण्यात ढकललं. डोळ्याचा मागचा कोपरा आणि शिंगाचं मूळ यांच्यामध्ये हाडाची कड हाताला लागते. तिच्याखाली पाच ते दहा मिलि लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, दिलं असतं तर जाग आल्यावरही तास-दीड तास ती बाजू बधिर राहिली असती. तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांना "उतारा का नाही?" हे विचारण्याआधी "शिंगाच्या मुळाशी बधिर केलंत ना?" हे विचारा. गाईच्या दृष्टीनं दुसरा प्रश्न मोठा आहे.

आता तीन तासांबद्दल. गाय-म्हैस, शेळी-मेंढी या रवंथ करणाऱ्यांना थोडंसं झायलाझिनही फार चढतं. घोड्याला शिरेतून किलोमागे १.१ मिलिग्रॅम देतात, गाईला ०.०५ ते ०.१ पुरतं, म्हणजे दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी. शेळी तर गाईपेक्षाही नाजूक. त्यात आपली कोकण कपिला अंगानं लहान आणि डॉक्टरचा अंदाज घाटावरच्या जर्सीवर बसलेला. हे दुसऱ्या कुणाचं नाही, माझंच सांगतो. आंब्रडच्या बाजूला एका काळ्या कपिलेला मी नजरेनं साडेतीनशे किलो धरलं. जूनचा पहिला आठवडा, गाय खळ्यात आडवी, आणि वरून पाऊस. घरातली बाई छत्री घेऊन गाईच्या तोंडाशी बसली आणि दर पाच मिनिटांनी, "जागी करा तिका, पावस इलो." मी काय जागी करणार? डावी कूस नगाऱ्यासारखी फुगत चालली. पेंढ्याचे दोन भारे बरगड्यांना लावून तिला छातीवर बसतं केलं, घशातून नळी घालून वायू काढला, वर ताडपत्री धरली. दिवेलागणीला तिनं कान हलवला. मग टेप काढली : छातीचा घेर ५६ इंच, लांबी ४८ इंच. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. दोनशे अठ्ठावीस किलो! म्हणजे मी दीडपट औषध दिलं होतं. तेव्हापासून टेप माझ्या शर्टाच्या खिशात, सुईच्या आधी. तुम्हीही घरी हे माप काढून गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवा. डॉक्टर घाईत असला तरी त्याची नजर जाईल.

अशा वेळी, म्हणजे पोट फुगतंय, श्वास ओढला जातोय, मेमधल्या उन्हात अंग तापतंय किंवा औषध जास्त गेलंय, तेव्हा उतारा खरा सोन्याच्या मोलाचा. तुमची गाय लाळ गाळत पण नीट श्वास घेत पडली होती. तिला थांबू दिलं यात डॉक्टरांचं चुकलं असं मला वाटत नाही. फक्त पडलेली गाय एका कुशीवर पसरू देऊ नये. छातीवर बसती ठेवावी, मान थोडी उंच पण तोंड खाली, म्हणजे लाळ बाहेर पडेल, नरड्यात जाणार नाही. सावलीत ठेवावी. आणि मध्येच भरपूर मुतली तर घाबरू नका, या औषधानं रक्तातली साखर वाढते आणि लघवीही.

एक राहिलं. गाय शेवटच्या तीन महिन्यांची गाभण असेल तर झायलाझिन देण्याआधी डॉक्टरांना आठवण करा. त्यानं गर्भाशय आकसतं.

प्रश्न : सर, मी शिरवळला पशुवैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला आहे, मूळ गाव कुडाळ. मायांग (जननमार्ग) बाहेर आलेल्या गाईंना एपिड्युरलमधून, म्हणजे शेपटीच्या मुळाशी कण्याच्या पोकळीत सुई घालून, लिग्नोकेनऐवजी झायलाझिन देता येतं असं वाचलं, पण गाय पेंगते आणि पोट मंदावतं. मग शिरेतून टोलाझोलिन दिलं तर गुंगीबरोबर पाठीतली बधिरताही जाईल ना? तसं असेल तर या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय?
— एक विद्यार्थिनी

तुला तू म्हणतो, माझी नात तुझ्याच वयाची आहे. वरचं बैलाचं रामायण वाचलं असशील तर तुझं उत्तर "जाईल" असं वाटेल. पण जात नाही. या धंद्यात मला जी दोन-चार आश्चर्यं अजून जुनी झालेली नाहीत, त्यातलं हे एक.

सदरात गुरं राखणारेही आहेत, म्हणून आधी सुईची जागा सांगतो. गाईचं शेपूट हातपंपाच्या दांड्यासारखं वरखाली हलवायचं आणि दुसऱ्या हाताचं बोट पाठीच्या कण्यावरून मागे न्यायचं. माकडहाडापाशी जिथे पहिला हलणारा सांधा लागतो, तिथे किंवा त्याच्या मागच्या सांध्यात बोट रुतेल एवढी खोबणी असते. केस काढून, धुऊन, स्पिरिट लावून तिथे अठरा नंबरची दीड इंची सुई जराशी पुढे झुकवून घालायची. सुईच्या बुडात औषधाचा एक थेंब ठेवायचा. सुई योग्य पोकळीत शिरली की तो थेंब आपोआप आत ओढला जातो, तहानेल्यानं घोट घ्यावा तसा. मग पिचकारीचा दट्ट्या लोण्यात बोट जावं तसा जातो. जोर लावावा लागला तर जागा चुकली, सुई थोडी मागे घे. आणि जमल्याची पावती पहिली शेपूट देतं. पाच मिनिटांत ते ओल्या सुंभासारखं लोंबतं, माशीही वारत नाही.

लिग्नोकेनचं काम झटपट, पण तास-दोन तासांत संपतं. अंग बाहेर आलेल्या गाईत अडचण तीच. आपण अंग धुऊन, साखर लावून, सूज उतरवून आत बसवतो, टाके घालतो, चहा पिऊन निघतो आणि फाट्यावर पोचेपर्यंत लिग्नोकेन उतरतं. गाय पुन्हा कळा देते, टाके फाटतात, फोन येतो. झायलाझिन किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, सलाइनमध्ये पाचेक मिलि करून त्याच जागी दिलं तर लागायला वेळ घेतं, पण दोन तासांपेक्षा जास्त टिकतं. थोड्या लिग्नोकेनमध्ये मिसळून दिलं तर लवकर लागतं आणि आणखी लांबतं. तीनशे किलोच्या गाईला हे पंधरा मिलिग्रॅम, म्हणजे मिलिला वीस मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतलं पाऊण मिलि. बाटलीवरचा आकडा दोनदा वाच. घोड्यांसाठी शंभर मिलिग्रॅमचीही बाटली असते, आणि ती गाईला चुकून लागली तर पाचपट.

तू म्हणतेस तसं यातलं थोडं रक्तात जातं. डोळे जड होतात, लाळ गळते, पोटाची घुसळण थांबते, नाडी मंदावते. १९९० साली अमेरिकेत ओहायोतल्या पशुवैद्यांनी नेमकं हेच तपासलं. एपिड्युरल झायलाझिन दिलेल्या गाईंना किलोमागे ०.३ मिलिग्रॅम टोलाझोलिन शिरेतून दिलं. गुंगी गेली, पोट चालू झालं, पण शेपटीखालचा भाग बधिरच राहिला.

कारण असं की, झायलाझिनचे हात दोन. एका हातानं ते मेंदूतल्या आणि कण्यातल्या ठरावीक खुंट्या पकडतं. टोलाझोलिन त्या खुंट्यांवरून त्याला हुसकतं. दुसऱ्या हातानं ते लिग्नोकेनसारखं थेट मज्जातंतूच अडवून धरतं, आणि त्या हाताशी टोलाझोलिनचं काहीच वैर नाही. शिवाय सुईच्या जागी औषध गोळा होऊन दाट बसलेलं असतं आणि रक्तातून तिथे पोचणारा उतारा पातळ. मेंदूत उलटं, तिथे झायलाझिनच पातळ पोचलेलं, त्यामुळे थोडक्या उताऱ्यानंही डोळे उघडतात. पण शिरेतून किंवा मांसात दिलेल्या झायलाझिनला हे लागू नाही. तिथे दाट काहीच नसतं, सगळं एकसारखं पातळ, आणि उताऱ्यानं सगळं निघून जातं. माझ्या बैलाचं तेच झालं.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मुंबईच्या वर्गमित्राकडून मला टोलाझोलिन मिळालं आणि देवगडकडच्या एका तिसऱ्या वेताच्या गाईवर हे डोळ्यांनी पाहिलं. अंग बसवून, टाके घालून झाले. गाय उभी, पण मान खाली, खालचा ओठ लोंबलेला, डाव्या कुशीवर मूठ ठेवली तर आत सामसूम. उतारा घड्याळ लावून सावकाश दिला. काही मिनिटांत तिनं मान उचलली आणि नाकपुडीत जीभ घातली. मग कुशीत मुठीखाली एक लाट आली, लांबून गाडी यावी तशी. थोड्या वेळानं ती पेंढ्याकडे वळली. मी मागे जाऊन टाक्यांच्या कडेला सुईचं टोक लावलं. तिनं वळूनही पाहिलं नाही, पेंढा चघळत राहिली. मग तीच सुई मांडीवर लावली, तर लाथ! पुढचा भाग जागा, मागचा वीतभर भाग झोपलेला. लाथ माझ्या नडगीला बसली आणि मी खूश.

लक्षात ठेवायचं ते हे. टोलाझोलिन भसकन दिलंस तर रक्तदाब कोसळतो, हृदय धावत सुटतं. गुरं दगावलेली आहेत. मात्रा मोजून आणि शिरेत हळूहळू. गाय पुन्हा पेंगू शकते, म्हणून उतारा देऊन लगेच मोटरसायकलला किक मारू नकोस. आणि गाय नुसती थोडी पेंगत असेल, पोट फुगलेलं नसेल, श्वास ठीक असेल तर उतारा बाटलीतच राहू दे. उताऱ्याला लिग्नोकेनचा काही पत्ता नसतो, ते रक्तात धुऊन जाईल तेव्हाच उतरेल.

उतारा देण्याआधी मेलोक्झिकॅम हे दुखणं मारणारं औषध, किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, टोचून ठेवावं असं माझं मत, म्हणजे बधिरता ओसरली तरी सूज आणि ठणका आटोक्यात राहतात. डायक्लोफिनॅक मात्र नको. २००६ साली जनावरांसाठी ते बंद झालं ते गिधाडांमुळे. मेलेल्या गुरातलं डायक्लोफिनॅक पोटात गेलं की गिधाडाचं मूत्रपिंड संपतं. आपल्याकडे म्हसळ्याजवळ चिरगावच्या झाडांवर अजून गिधाडं घरटी करतात. मेलोक्झिकॅम त्यांना बाधत नाही.

प्रश्न : म्हैस अडली होती. डॉक्टरांनी शेपटीच्या मुळाशी इंजेक्शन देऊन रेडकू ओढलं. नंतर म्हैस मागच्या पायांवर उभीच राहीना. शेजारी म्हणतात, सुई कण्याला लागली, म्हैस कमरेतून गेली. त्याला उतरवायचं औषध नाही का?
— पोयनाडजवळचे एक वाचक

शेजाऱ्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा. त्या जागी कणा म्हणजे नुसती हाडांची माळ उरलेली असते, मुख्य मज्जारज्जू त्याच्या बराच पुढे संपलेला असतो. बहुतेक वेळा घडतं ते साधं. शंभर किलोला साधारण एक मिलि लिग्नोकेन दिलं तर ते शेपटीपुरतं राहतं. वार काढायची, हात आत घालून रेडकू वळवायचं अशा वेळी डॉक्टरानं जरा हात सैल सोडला तर औषध पुढे सरकतं आणि मागच्या पायांच्या नसांपर्यंत जातं. मग पाय लटपटतात, जनावर बसतं.

लिग्नोकेनवर उतारा नाही. १९४३ साली स्वीडनमध्ये ते तयार झालं, तेव्हापासून त्याला उतरवायचा उपाय एकच, वेळ. तो वेळ कसा काढता यावर म्हैस अवलंबून. पावसात ओली झालेली चिऱ्याची किंवा लादीची जमीन हा खरा शत्रू. अर्धी शुद्ध आलेल्या पायांनी ती उठायला बघते, पाय फाकतात, मांडीचे स्नायू फाटतात आणि मग खरोखर कमरेतून जाते. खाली वाळू किंवा शेण-मातीवर जाड पेंढा घाला. दोन्ही मागच्या पायांना गाठीच्या वर मऊ दावं बांधून हात-दीड हात अंतर ठेवा, म्हणजे फाकणार नाहीत. शेपूट धरून उचलू नका, काठी मारून उठवू नका. दर दोन-तीन तासांनी कूस बदला. पाणी आणि हिरवा चारा तोंडाशी ठेवा.

चार-पाच तासांनीही उठायचा प्रयत्न करत नसेल तर इंजेक्शनचा नाद सोडून डॉक्टरांना परत बोलवा. कान गार, मान कुशीकडे वळलेली, शेण टाकलेलं नाही, असं असेल तर तो दुग्धज्वर, कॅल्शियम कमी पडलंय. शिरेतून कॅल्शियम मिळालं की अशी म्हैस डोळ्यांदेखत उठते. मोठं रेडकू ओढताना कमरेच्या हाडाजवळची नस चेंगरली असेल तर मात्र दिवस लागतात. दोन्हीत सुईचा दोष नाही.

प्रश्न : गुंगी उतरायला कोकमाचं आगळ किंवा काळी कॉफी पाजली तर चालेल का? आमच्याकडे बांबूच्या नळकांड्यानं पाजतात.
— गुहागरच्याच एका आजी

आजी, नको. अगदी थेंबभरही नको. गुंगीतल्या गुराला गिळता येत नाही. आगळ पोटात न जाता फुप्फुसात जातं आणि गुंगीतून उठलेली गाय चौथ्या दिवशी न्यूमोनियानं जाते. तुम्ही ते आगळ डॉक्टरांना पाजा, उन्हातून आलेले असतात.

प्रश्न : गुंगीच्या इंजेक्शननंतर दूध किती दिवस डेअरीत घालू नये?
— एक दूध उत्पादक, माणगाव तालुका

नुसतं झायलाझिन किंवा लिग्नोकेन दिलं असेल तर चोवीस तासांचं दूध टाकून द्या. वासरालाही नको. गंमत अशी की उताऱ्याचं दूध जास्त दिवस थांबतं, टोलाझोलिन दिल्यावर अठ्ठेचाळीस तास आणि योहिंबिन दिल्यावर बहात्तर. अमेरिकेत औषधांच्या अंशांचा हिशेब ठेवणारे हे आकडे सुचवतात आणि मी तेच पाळत आलो. शिवाय सोबत अँटिबायोटिक दिलं असेल तर त्याचे दिवस वेगळे, ते त्या बाटलीवर छापलेले असतात. डॉक्टर निघायच्या आधी प्रत्येक औषधाचं नाव कागदावर लिहून घ्या. "काहीतरी पांढरं टोचलं" असं पत्रात लिहिलंत तर मला काही सांगता येत नाही.

पुढच्या अंकात गोचिडं.